पाचशे तास

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्यूसीला आहे. डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइडचे नमुने तपासते. पुढे त्यापासूनच मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी होते. इथं औषध टनात मोजतात. नव्या ट्रेनी पोरांना मी सांगते, की मी औषध मोजायला शिकले ते काचांवरून. त्यांना ती थट्टा वाटते.

औषध देणाऱ्यासाठी आजीच्या तोंडी शब्द होता कंपाउंडर. बाटली घरून न्यायची, तो लाल मिक्श्चर भरून द्यायचा आणि डोस कळावेत म्हणून कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. खल-बत्ता आणि तराजू त्याच्या हातात, शिक्षण मात्र बघून बघून. कर्नल रामनाथ चोप्रांच्या समितीने 1931 च्या अहवालात औषधांच्या या कारभाराला नियम हवेत असं बजावलं. 1932 मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाचं शिक्षण सुरू केलं आणि 1948 मध्ये फार्मसी कायदा आला. त्याच्या पहिल्या नोंदवहीत पाच वर्षं दवाखान्यात औषध कालवलेल्या कंपाउंडरलाही जागा होती. कायद्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम हेच.

पुढे तयार गोळ्या आल्या, खल फळीवर गेला आणि आम्ही फार्मासिस्ट पट्ट्या कापायला लागलो. डी. फार्म. या फार्मसीच्या पदविकेसाठी 1991 च्या नियमांनी 500 तासांचं प्रशिक्षण ठरवलं, त्यातले निदान 250 तास चिठ्ठीवरून औषध देण्यात. बरेच जण ओळखीच्या मेडिकलमधून सही आणत. मला एका रुग्णालयात पाठवलं. तिथं औषधाच्या खिडकीत जागा नव्हती, म्हणून कॅज्युअल्टीत उभं केलं.

पहिल्याच आठवड्यात दिवसभर फवारणी करून कोसळलेला एक शेतमजूर आला. घामाने निथळलेला, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सिस्टर ओरडल्या, "ए पोरी, अ‍ॅट्रोपिन फोड!" एका अँप्यूलमध्ये 0.6 मिलिग्रॅम. छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट: आधी 5 अँप्यूल, मग 10, मग 20. गॉजमध्ये धरून मान मोडायची. तिसाव्या-बत्तिसाव्याला माझा अंगठा कापला. चौथी फेरी अर्धवट असतानाच डॉक्टर म्हणाले, "थांबा." मग विचारलं, "किती गेलं?"

कोणीच लिहिलं नव्हतं. औषध हातात देणारी मी, म्हणजे चूक माझीच. किडनी ट्रे दिव्याखाली ओढला. माना बाजूला सारून नुसती बुडं मोजली. 43.

2008 च्या नियमांनुसार फार्म. डी. शिकणारी मुलं शेवटचं वर्षभर वॉर्डातच असतात, सहा महिने नुसत्या मेडिसिनला. मला त्यांचा थोडा हेवा वाटतो.

डॉक्टरांनी केसपेपरवर 25.8 लिहिलं. सिस्टरांनी माझ्या अंगठ्याला चिकटपट्टी लावली आणि दुसरा खोका माझ्यापुढे सरकवला.