बंदूक आणि हात यांमधले अंतर

‘ज्याला जायचेच असते त्याला कोण अडवणार?’ आत्महत्या झालेल्या घरी जमलेल्या माणसांत हे वाक्य हमखास ऐकू येते. मागे राहिलेल्यांना त्यातून थोडा दिलासा मिळतो, म्हणून कुणी ते खोडून काढत नाही. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. जुन्या शस्त्रांचा नाद मला विशीत लागला. तोड्याची बंदूक, ठासणीची बंदूक, 1878 चा शस्त्र कायदा अशी वाट चालता चालता, बंदूक प्रत्यक्षात कुणाचे प्राण घेते या प्रश्नापाशी आलो आणि अमेरिकेच्या आकड्यांशी थबकलो. तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू खुनाचे नसतात, आत्महत्येचे असतात. या आकड्यांचा माग काढताना दिसले की वरच्या वाक्याची इतिहासाने अनेकदा परीक्षा घेतली आहे, आणि ते टिकलेले नाही.

पहिली परीक्षा कुणी ठरवून घेतलेली नव्हती. ब्रिटनमध्ये घरोघरी येणारा स्वयंपाकाचा गॅस पूर्वी कोळशापासून बनत असे आणि तो विषारी होता. 1963 साली इंग्लंड व वेल्समध्ये 5,714 आत्महत्या झाल्या; त्यांपैकी 2,368 या गॅसमुळे. पुढे गॅस बनवण्याची पद्धत बदलली, उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू आला आणि घरातले विष आपोआप नाहीसे झाले. 1975 साली गॅसमुळे झालेल्या आत्महत्या होत्या 23. माणसांनी दुसरे मार्ग शोधले असते, तर एकूण आकडा तेवढाच राहिला असता. तो 3,693 वर आला. त्याच काळात युरोपातल्या बहुतेक देशांत आत्महत्या वाढत होत्या.

दुसरी परीक्षा सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची. 1937 ते 1971 या काळात तिथे अडवल्या गेलेल्या 515 जणांचे पुढे काय झाले, याचा रिचर्ड सायडेन या संशोधकाने शोध घेतला आणि 1978 मध्ये तो प्रसिद्ध केला. सुमारे 94 टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते. म्हणजे ‘आज अडवले तरी उद्या जाईलच’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरे ठरले नाही.

बंदुकीची गोष्ट याहून कठोर आहे. मरणाची ऊर्मी अनेकदा अल्पजीवी असते. काही तासांत, कधी काही मिनिटांत तिचा जोर ओसरतो. परंतु बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी सुमारे नऊ प्राणघातक ठरतात. मन बदलायला, कुणी धावून यायला, दवाखाना गाठायला अवकाशच उरत नाही. म्हणून त्या घटकेला बंदूक किती दूर आहे, यावर सारे ठरते.

इस्रायलच्या सैन्याने हे अंतर आदेश काढून वाढवले. सक्तीच्या सेवेतले अठरा-वीस वर्षांचे जवान आठवडी सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत. 2006 मध्ये ती तळावरच ठेवून जाण्याचा नियम झाला. त्यानंतर या वयोगटातल्या जवानांच्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटले. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. कामाच्या दिवसांत फारसा फरक पडला नाही. जवान तेच होते आणि त्यांची दुःखेही तीच होती. फक्त रायफल त्या दोन दिवसांत घरात नव्हती.

स्वित्झर्लंडमध्ये सैनिकाचे शस्त्र घरी ठेवण्याची परंपरा जुनी. 2003-04 च्या लष्करी सुधारणेत सैन्य जवळपास निम्मे झाले आणि तितकी शस्त्रे घरांतून कमी झाली. 18 ते 43 वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्या घटल्या. बंदुकीने होणाऱ्या ज्या आत्महत्या कमी झाल्या, त्यांपैकी सुमारे 22 टक्क्यांचीच जागा अन्य मार्गांनी घेतली.

सरकारी आदेशाशिवायही हे जमते. 2009 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात एका बंदूकविक्रेत्याला कळले, की आठवडाभराच्या आत तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी त्याच्याच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांत स्वतःचा जीव घेतला. तो हादरला. विक्रेते आणि सार्वजनिक आरोग्याचे कार्यकर्ते एकत्र बसले. गिऱ्हाईक संकटात आहे हे कसे ओळखावे, आणि घरातले माणूस खचलेले असेल तर बंदूक काही काळ बाहेर कशी ठेवावी, याची पत्रके निघाली. राज्यातल्या जवळपास निम्म्या दुकानांनी ती लावली. ज्यांचा धंदाच बंदुकांचा, त्यांनीच हे सांगितल्यामुळे ‘आमची शस्त्रे काढून घेणार’ ही भीती आड आली नाही.

आपल्याकडे बंदूक घरोघरी नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरात तिची जागा कीटकनाशकाच्या डब्याने घेतली आहे. श्रीलंकेने 1995 पासून अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. 1996 ते 2005 या दशकात आधीच्या दशकापेक्षा सुमारे 19,800 आत्महत्या कमी झाल्या. शेतकऱ्याचे कर्ज त्यामुळे फिटले नाही, पण तो फेडायला जिवंत राहिला.

परवान्याची बंदूक मात्र आपल्याकडेही आहे. जुन्या वाड्यांत, निवृत्त फौजींकडे, बँकेच्या पहारेकऱ्यांकडे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांकडून हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. त्यात कुणाला आपली बेअब्रू वाटत नाही. मतदान आटोपले की हत्यार परत मिळते. तापल्या काळात शस्त्र दूर ठेवावे, हे शहाणपण आपल्या व्यवहारात आहेच. मग घरात मृत्यू झाला, कर्जाची नोटीस आली, पेन्शनीत निघालेला माणूस महिनोन्‌महिने बोलेनासा झाला, तर ‘काका, बंदूक सध्या ठाण्यात ठेवू, पुढे बघू’ असे पुतण्याने म्हणायला काय हरकत आहे?

पण साधन दूर केले की अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे चॅड वाराह या धर्मगुरूने दाखवले. 1935 मध्ये त्याने एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला. पहिल्या मासिक पाळीला ती रोग समजली होती, आणि विचारायला कुणी नव्हते. 1953 मध्ये लंडनच्या आपल्या चर्चमध्ये त्याने फोन ठेवला आणि संकटातल्या माणसांना बोलावले. ती त्याच्या भेटीसाठी थांबत, तेव्हा स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांचे ऐकत. पुष्कळांना तेवढेच पुरे होते, हे त्याच्या ध्यानी आले. 1954 च्या फेब्रुवारीत त्याने ते काम स्वयंसेवकांच्याच हाती सोपवले. तीच ‘समॅरिटन्स’ ही संस्था.

आपल्या कायद्याला हे कळायला वेळ लागला. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम 309 मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ते वैध ठरवले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगाराऐवजी तीव्र ताणाखालचा माणूस मानले. 2022 पासून सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही; उलट ओझे उतरते, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात. विचारावे, ऐकावे, सोबत बसावे, आणि तोवर बंदूक असो की डबा, घराबाहेर ठेवावा. ‘कोण अडवणार?’ या प्रश्नाला इतिहासाने उत्तर दिले आहे: जो त्या घटकेला जवळ असेल, तो.