तीन महिन्यांची शपथ

देवाच्या कृपेवर विसंबून जगणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर ख्रिस्तसभेत फार जुन्या काळापासून खल झालेला आहे. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर सन्मार्गावर राहू शकतो, असे पेलॅजिअसने पाचव्या शतकाच्या आरंभी प्रतिपादन केले. स्वतःच्या दुबळेपणाचा पुरेपूर अनुभव घेतलेल्या संत ऑगस्टीनने त्याचे खंडन केले. पुढे ५२९ साली ऑरेंजच्या धर्मसभेने आणि १५४७ साली ट्रेंटच्या महासभेने या विषयावरची शिकवण स्पष्ट केली. पहिले पाऊल देवाचे असते. परंतु त्या कृपेला होकार देऊन तिच्याबरोबर चालण्याचे काम माणसालाच करावे लागते. सेमिनरीत आम्ही हे सारे जाड ग्रंथांतून शिकलो, परीक्षेत लिहिले आणि उत्तीर्णही झालो. परंतु हाच सिद्धान्त एका हमालाने एकेचाळीस वर्षे जगून कसा दाखविला, ते येथे सांगावयाचे आहे.

मॅट टॅल्बॉटचा जन्म २ मे १८५६ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरी झाला. बारा भावंडांत तो दुसरा. शाळेचे तोंड त्याने जेमतेमच पाहिले आणि बाराव्या वर्षी तो मद्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला. पुढे बंदरातील गोदामात गेला, तर तेथेही व्हिस्कीची पिंपे! वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून तो रोज पिऊ लागला. त्या काळच्या डब्लिनमध्ये मजुरीच पुष्कळदा दारूच्या गुत्त्यात वाटली जात असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. एकेका जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे, एकेका खोलीत एकेक कुटुंब आणि अंगमोडीचे काम. अशा वस्तीत गुत्ता हीच मजुराची बैठकीची खोली होती. व्यसन हे पाप आहे एवढेच सांगून मोकळे होणाऱ्यांनी हा इतिहासही वाचावा, असे आमचे नम्र मत आहे.

मॅट आठवड्याची मजुरी शनिवारी तशीच गुत्तेवाल्याच्या हाती देई. पैसे संपले की पायांतले बूट गहाण पडत. एकदा तर त्याने सोबत्यांसह रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका गरीब माणसाचे वाद्यच पळविले आणि ते विकून दारू प्याली. पुढे त्याने त्या माणसाचा पुष्कळ शोध घेतला. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या.

१८८४ सालचा तो शनिवार. मॅट अठ्ठावीस वर्षांचा होता. आठवडाभर काम नव्हते, खिसा रिकामा होता. मजुरी घेऊन येणाऱ्या मित्रांची वाट पाहत तो भावाबरोबर गुत्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहिला. ज्यांना त्याने स्वतःच्या पैशाने किती वेळा पाजली होती, ते एकामागून एक जवळून गेले. कोणी त्याला आत बोलाविले नाही. तो अपमान त्याच्या जिव्हारी लागला. तो घरी परतला आणि दारू सोडण्याची शपथ घेणार असल्याचे त्याने आईला सांगितले. आईने आनंदाने मिठी मारली असेल, अशी कल्पना वाचक करतील. तसे झाले नाही. पाळणार असशील तरच घे, एवढेच ती माउली म्हणाली, आणि देव तुला बळ देवो असा आशीर्वाद तिने दिला. दारुड्याच्या किती शपथा तिने ऐकल्या असतील! आमच्या धर्मग्रामांतील कित्येक माताभगिनींना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मॅट क्लॉनलिफ येथील होली क्रॉस कॉलेजात गेला, एका धर्मगुरूंपाशी त्याने पापनिवेदन केले आणि शपथ घेतली. ती जन्मभराची नव्हती, तीनच महिन्यांची होती. आयर्लंडमध्ये अशा शपथेची प्रथा जुनी. कापुचिन धर्मगुरू थिओबोल्ड मॅथ्यू यांनी १८३८ साली कॉर्क येथे दारूबंदीची चळवळ आरंभिली तेव्हा लाखो लोकांनी जन्मभराच्या शपथा घेतल्या. दुष्काळाच्या वर्षांनंतर त्यांतील पुष्कळ विरल्या. मॅटला मात्र तीन महिनेही डोंगराएवढे वाटत होते. मुदत संपताच पुन्हा पिऊ लागेन, असे त्याला मनोमन वाटे. ती संपली तेव्हा त्याने आणखी काही महिन्यांची घेतली आणि मग जन्मभराची.

आमच्या मते या कथेचे मर्म या तीन महिन्यांत आहे. त्याचे नाव निघाले की लोक त्याच्या साखळ्यांविषयी बोलतात, आणि त्याच्या फळीच्या बिछान्याविषयी व लाकडी उशीविषयीही. त्या गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्या पुढच्या. पहिल्या आठवड्यांत त्याने काय केले? संध्याकाळी जुने सोबती गुत्त्यात जात तेव्हा तो दूरच्या ख्रिस्तमंदिरात जाऊन बसे. पहाटे पाच वाजता मिस्सा ऐकून कामावर जाई. एकदा त्याची पावले गुत्त्यात वळलीच, पण गर्दीत त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही आणि तो बाहेर पडला. त्यानंतर खिशात पैसे न बाळगण्याचा त्याने नियम केला. कृपेवरील विश्वास आणि रिकामा खिसा या दोन गोष्टी त्याला परस्परविरोधी वाटल्या नाहीत. देव सांभाळील म्हणून गुत्त्यासमोरून मिरवत जाणे ही श्रद्धा नव्हे, देवाची परीक्षा पाहणे होय. त्याने रस्ता बदलला आणि बळ मात्र देवाकडे मागितले.

पुढची चार दशके तो विटा-चुना वाहणारा आणि नंतर लाकडाच्या वखारीत राबणारा मजूरच राहिला. १८९० साली तो फ्रान्सिस्कन तृतीय संघात गेला. धडपणे वाचता न येणारा हा माणूस संत ऑगस्टीनचे आत्मनिवेदन वाचू लागला. अडले तेथे धर्मगुरूंना विचारी. १९१३ साली डब्लिनच्या मालकांनी कामगारांना टाळे लावले तेव्हा तोही कामगार संघटनेचा सभासद म्हणून सहकाऱ्यांबरोबर कामाबाहेर राहिला. आई १९१५ साली वारेपर्यंत तिची त्याने सेवा केली. घरातील सारेच सुधारले असे मात्र नाही. भावांचे पिणे चालूच होते, आणि त्यांना वळविण्याचे त्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. कृपा कोणावर लादली जात नाही, हे दुःख त्यानेही सोसले.

७ जून १९२५, पवित्र त्रैक्याचा रविवार. मिस्सेला जाताना ग्रॅन्बी लेन या गल्लीत तो कोसळला आणि तेथेच मरण पावला. जर्व्हिस स्ट्रीट रुग्णालयात कपडे उतरविताना अंगावर साखळ्या आढळल्या आणि हा अनोळखी हमाल कोण, याची चौकशी सुरू झाली. दहा वर्षांनी, १९३५ साली, अमेरिकेत अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. आपण दारूपुढे हतबल आहोत हे कबूल करणे, ही तिची पहिली पायरी. पोप सहावे पॉल यांनी ३ ऑक्टोबर १९७५ रोजी मॅटला पूजनीय घोषित केले. संतपद अद्याप मिळालेले नाही.

मृत्यूपूर्वी दोन वर्षे हृदयविकाराने तो फार आजारी होता, कामही सुटले होते. १९२४ सालच्या अखेरीस त्याने चीनमधील मिशनकार्यासाठी एक चिठ्ठी पाठविली. व्याकरण मोडकेच. दीड वर्ष काम केलेले नाही, धर्मगुरू व डॉक्टर यांनी आशा सोडली होती, यापुढे काम होईल असे वाटत नाही, असे तीत त्याने कळविले होते. आणि सोबत स्वतःचा एक पौंड व बहिणीचे दहा शिलिंग जोडले होते.