तान्ह्या पोळ्याचा बैल आणि ओझरचें विमान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपूर व वर्धा या भागांत तान्हा पोळा भरतो, हें विदर्भाबाहेरील वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. आदल्या दिवशीं बापानें खरे बैल मिरवलेले असतात. दुसऱ्या दिवशीं मुलें लांकडी बैल मिरवतात. त्या बैलांस चाकें असतात, शिंगें रंगविलेलीं असतात, पाठीवर झूल असते. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर मोठमोठ्या लांकडी बैलांविषयीं प्रसिद्धच आहे. पुण्या-मुंबईकडे हेंच काम दिवाळींतला मातीचा किल्ला करतो. ज्या समाजाचें जीवित बैलावर चालतें, त्याचीं मुलें बैलाची प्रतिकृति करतात. ज्याचा इतिहास गडांवर घडला, त्याचीं मुलें गड रचतात. मग ज्या काळाचें सामर्थ्य यंत्रांत आहे, त्या काळच्या तरुणांनीं यंत्राची प्रतिकृति करावी, यांत नवल तें काय?

वर्धा जिल्ह्यांतील जाम हें गांव नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. चंद्रपुराकडील वाट येथूनच फुटते. येथील मुलाच्या हातीं लांकडी बैल असतो आणि शहरांतील एखाद्या हौशी गृहस्थाच्या मेजावर रेझिनचें लढाऊ जेट विमान असतें. या दोहोंमध्यें अंतर किती आणि नातें कोणतें, याचा विचार करण्याचें आम्ही येथें योजिलें आहे. कारण या छंदावर दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात. एक असा कीं, परक्यानें पेटींत भरून दिलेले तुकडे चिकटविणें हा पोरखेळ आहे, त्यांत कसब नाहीं. दुसरा अधिक गंभीर आहे: ज्या जिल्ह्यांत सेवाग्राम आहे, तेथें शस्त्राची प्रतिकृति हौसेनें करावी हें शोभतें काय?

पहिल्या आक्षेपाचें उत्तर इतिहासच देतो. विमान ही वस्तु जगांत प्रथम प्रतिकृतीच्या रूपानेंच आली. इंग्लंडांत जॉर्ज केली यानें १८०४ सालीं लहानसें तरंगतें विमान करून उडविलें, तेव्हां एंजिनाच्या बळावर माणसास वाहून नेणारें विमान शंभर वर्षें दूर होतें. फ्रान्सांत आल्फोन्स पेनो यानें १८७१ सालीं पिळलेल्या रबराच्या बळावर एक चिमुकलें विमान सर्वांदेखत उडवून दाखविलें. त्याच्याच धर्तीचें एक उडतें खेळणें १८७८ च्या सुमारास अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें आपल्या दोन मुलांस आणून दिलें. तीं मुलें म्हणजे राइट बंधु. पुढें १९०१ सालीं त्यांनीं पेटीएवढा वाताचा बोगदा करून त्यांत पंखांच्या लहान लहान आकृत्या तपासल्या, आणि त्या आधारावर १९०३ चें विमान उभें केलें. खेळणें आधीं आणि यंत्र नंतर, असा हा क्रम आहे.

हाच क्रम आपल्या देशांतहि दिसतो. जर्मन विमानशिल्पी कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखालीं बंगळूर येथें ‘मरुत’ या जेट लढाऊ विमानाची आंखणी चालली होती. तेव्हां प्रथम त्याची पुऱ्या मापाची लांकडी प्रतिकृति करण्यांत आली. तिला एंजिन नव्हतें. १९५९ सालीं ती डकोटा विमानाच्या मागें दोरानें ओढून आकाशांत नेली व तेथें मोकळी सोडली. पंखांची ठेवण, सुकाणूंचें वागणें, उतरतांनाची चाल, हें सर्व त्या लांकडी विमानानें शिकविलें. मग जून १९६१ मध्यें खरा मरुत उडाला. लांकडाचा बैल आणि लांकडाचें विमान यांतील अंतर आपण समजतों तितकें मोठें नाहीं.

आतां या छंदाच्या मापांकडे वळूं. विमानांच्या प्रतिकृतींत १/७२ हें प्रमाण फार रूढ आहे. तें कसें आलें, हें पाहिलें म्हणजे मौज वाटते: सहा फुटांस एक इंच, म्हणजे उभ्या माणसाएवढ्या उंचीस एक इंच, असा तो साधा हिशेब आहे. इंग्लंडांत १९३० नंतरच्या दशकांत ‘स्कायबर्ड्स’ नांवाचे लांकडी संच याच मापाचे निघाले, आणि १९३६ सालीं ‘फ्रॉग’ या नांवानें पहिले प्लॅस्टिकचे संच बाजारांत आले. पुढें महायुद्ध सुरू झालें. आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें, हें क्षणांत ओळखणें हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें शाळांतील विद्यार्थ्यांकडे याच मापाच्या पांच लक्ष लांकडी प्रतिकृति मागितल्या. तोफखान्याचे शिपाई व टेहळे त्या पाहून विमानांचा आकार डोळ्यांत ठसवूं लागले. युद्धानंतर साचेबंद प्लॅस्टिक स्वस्त झालें आणि हा छंद घरोघर शिरला.

परंतु ज्यांस मोठें माप हवें, त्यांचें समाधान १/७२ नें होत नाहीं. ते १/३२ किंवा त्याहूनहि मोठ्या मापाकडे जातात, आणि तेथें रेझिनची गांठ पडते. पोलादी साचा फार महाग. तो हजारों प्रती खपल्या तरच परवडतो. म्हणून मोठे कारखाने सर्वांस ठाऊक असलेलींच विमानें काढतात. रेझिनची गोष्ट वेगळी आहे. ही झाडाची राळ नव्हे. दोन द्रव मिसळले असतां थोड्या वेळांत घट्ट होणारा तो कृत्रिम पदार्थ आहे. आधीं एक मूळ नमुना हातानें घडवावयाचा, त्यावर सिलिकोन रबर ओतून मऊ साचा करावयाचा आणि त्या साच्यांत रेझिन ओतावयाचें. असा साचा थोड्याच प्रतींनंतर फाटतो. पण एक माणूस आपल्या घरांत तो पुन्हां करूं शकतो. मूर्तिकारास ही रीति समजावून सांगावयास नकोच.

या सोयीबरोबर अडचणीहि येतात, आणि खरें कसब तेथेंच लागतें. साच्यांतून सुटावें म्हणून लावलेला तेलकट लेप तुकड्यांवर राहतो. तो साबणाच्या पाण्यानें धुतल्यावांचून रंग धरत नाहीं. हवेचे बुडबुडे भोंकें ठेवून जातात. तीं भरावीं लागतात. पंख वांकलेला निघतो. तो गरम पाण्यांत धरून सरळ करावा लागतो. ओतण्याच्या जागीं राहिलेला जाड ठोकळा करवतीनें कापावा लागतो. त्या वेळीं उडणारी धूळ फुप्फुसांस अपायकारक, म्हणून नाकातोंडावर आच्छादन घ्यावें लागतें व कागदानें घासतांना पाणी लावावें लागतें. साध्या प्लॅस्टिकचा डिंक येथें चालत नाहीं, कारण तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो आणि रेझिन त्यास दाद देत नाहीं. क्षणांत धरणारा सायनोअॅक्रिलेट किंवा दोन भागांचा इपॉक्सी वापरावा लागतो. मोठें विमान जड होतें, त्यामुळें त्याचे पाय धातूचे नसल्यास तें कांहीं काळानें बसतें. मागचा भाग जड असल्यास नाकांत वजन भरावें लागतें, नाहीं तर विमान शेपटावर बसतें. सारांश, प्लॅस्टिकची पेटी कर्त्यास पुष्कळ तयार करून देते, रेझिनची पेटी थोडेंच देते. आणि जें ती देत नाहीं, तेंच ती शिकविते.

हें सांगतांना आम्हांस महाराष्ट्रांतील एका फार मोठ्या ‘पेटी’ची आठवण होते. १९६२ सालीं भारतानें सोव्हिएट संघाकडून मिग-२१ विमानें घेण्याचा व तीं येथें बांधण्याचा करार केला. १९६३ मध्यें पहिलीं विमानें आलीं. ढांचा नाशिकजवळ ओझर येथें, एंजिन ओरिसांत कोरापुट येथें आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणें हैदराबाद येथें, अशी कामाची वांटणी झाली. म्हणजे जामवरून जो रस्ता दक्षिणेस जातो, त्याच्या टोकाच्या शहरांत त्या विमानाचे डोळे व कान तयार व्हावयाचे होते. ओझरास प्रथम काय आलें? सुटे केलेले तुकडे. तेच जोडून आरंभीचीं विमानें उभीं राहिलीं. मग मोठ्या भागांऐवजीं लहान भाग येऊं लागले, मग कच्चा माल. आणि १९७० सालीं कच्च्या मालापासून घडविलेलें मिग-२१ ओझरहून वायुदलाच्या स्वाधीन झालें. त्या टप्प्यांतील प्रत्येक पायरी म्हणजे पेटी जें देत नाहीं, तें आपण करणें होय. पुढें तेथें मिग-२७ आणि सुखोई-३० ही विमानें झालीं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें ओझर येथें बांधलेलें पहिलें तेजस मार्क-१ए उडालें. हें विमान मात्र आपल्याच आंखणीचें आहे.

तेव्हां जोडकामास हिणविणाऱ्यांनीं ओझरचा इतिहास पाहावा. जोडणी हा विद्येचा शेवट नव्हे, पण आरंभ निश्चित आहे. मात्र आरंभापाशींच जो थांबतो, त्याच्याविषयीं आक्षेपकांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

दुसरा आक्षेप शस्त्राविषयींचा. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण द्यावें, असा विचार तेथें मांडला गेला. १९३८ सालीं वर्ध्यास मगन संग्रहालय उघडलें, तें ग्रामोद्योगांचीं साधनें लोकांस पाहावयास मिळावीं म्हणून. हात शिकला म्हणजे बुद्धि शिकते, हें तत्त्व या छंदासहि लागू आहे, असें आम्ही म्हटलें तर कोणी म्हणेल कीं, चरखा कोणीकडे आणि लढाऊ विमान कोणीकडे! वर्धा योजनेंतील हस्तव्यवसायापासून उपयोगी वस्तु निघावी, अशी अपेक्षा होती. प्रतिकृतीपासून ना कापड निघतें ना धान्य. हा भेद आम्ही लपवीत नाहीं.

परंतु शस्त्राची प्रतिकृति म्हणजे शस्त्राची पूजा नव्हे. जो कर्ता १/३२ मापाचें मिग-२१ करतो, त्यास कळतें कीं साडेचौदा मीटर लांबीच्या या विमानाचे पंख टोंकापासून टोंकापर्यंत अवघे सव्वासात मीटरांच्या आंत आहेत. मेजावर तीं मापें सुमारें ४५ व २२ सेंटिमीटर होतात. वैमानिकाची जागा किती अरुंद, मागचें दिसणें किती कठीण, पंख किती आंखूड व म्हणून उतरण्याचा वेग किती मोठा, हें तो बोटांनीं जाणतो. १९७१ च्या डिसेंबरांत याच जातीच्या विमानांनीं ढाक्याच्या राजभवनावर हल्ला केला. आणि याच जातीच्या विमानांच्या अपघातांत शांततेच्या काळांतहि अनेक तरुण वैमानिक गेले. या दोन्ही गोष्टी एकाच आकृतींत आहेत. ज्यानें ती आकृति हातानें घडविली, त्यास नुसता जयघोष करणें सोपें जात नाहीं.

२६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें मिग-२१ वायुदलाच्या सेवेंतून निवृत्त झालें. आतां तें चौथऱ्यांवर, संग्रहालयांत आणि मेजांवर राहील. चौथऱ्यावरील विमान ऊनपावसांत रंग सोडतें. मेजावरील प्रतिकृति अधिक काळ टिकेल, पण ती खरी असेल तरच. त्याकरितां आमची सूचना आहे. ओझरच्या कारखान्यांत ज्यांनीं हीं विमानें हातानें जोडलीं, त्यांपैकीं पुष्कळ आज वृद्ध आहेत. कोणती पट्टी कोठें जोडली, कोणता रंग कोणत्या सालीं चढला, हें त्यांच्या बोटांस व स्मृतीस ठाऊक आहे. आपल्या शाळांतील व राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंतील मुलांनीं त्यांच्याजवळ बसावें, विचारावें, लिहून घ्यावें, आणि परदेशी पेटीवर विसंबून न राहतां एक मूळ नमुना स्वतः घडवावा. साचा रबराचा असला तरी चालेल, दहा प्रतींनंतर फाटला तरी चालेल. सिंदीच्या सुतारास लांकडी बैलाकरितां परदेशाहून पेटी मागवावी लागत नाहीं. त्यानें बैल पाहिलेला असतो. विमान पाहिलेलीं माणसें आपल्यांत आहेत, तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.