वसईच्या दारावरचं राजचिन्ह काढायचं कसं?

मी कोपरीतून बोलतेय. आमच्या ठाण्यातलं मध्यवर्ती कारागृह म्हणजे मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये घेतला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईही जिंकली. सत्ता गेली, पण वसईच्या बालेकिल्ल्याच्या दारावर पोर्तुगालचं राजचिन्ह अजून दगडात आहे.

पोस्टरसाठी, रीलसाठी हे चिन्ह काढायचं झालं की सोपा रस्ता कोणता? पोर्तुगालचा झेंडा गूगल करायचा आणि त्यावरची ढाल उचलायची. इथेच गडबड होते. तो झेंडा १९११ चा. १९१० मध्ये तिथली राजेशाही संपली, म्हणून त्यावर मुकुट नाही आणि ढालीमागे सोनेरी कड्यांचा गोल आहे. वसई राजाच्या काळातली, त्यामुळे ढालीवर मुकुट हवा. गोल तेव्हाही होता, पण वेगळा. ते राजा मानुएल पहिला (१४९५–१५२१) याचं स्वतःचं चिन्ह. ते ढालीच्या शेजारी कोरत.

ढालीच्या आतही काळ वाचता येतो. मध्ये पाच छोट्या ढाली, प्रत्येकीवर पाच ठिपके. आधी डावी-उजवीकडची ढाल आडवी असायची, टोक मध्याकडे. १४८५ मध्ये राजा जुआंव दुसरा याने त्या उभ्या केल्या. भोवतीच्या पट्टीवर किल्ले असतात. आज ते सात आहेत, पण सोळाव्या शतकात बराच काळ हा आकडा ठरलेला नव्हता. म्हणून ‘सात असणारच’ असं धरून चालू नका, दगडावर मोजा.

आता मोबाइल काढा. फोटो अगदी समोरून घ्या. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना कोरीव रेघा उठून दिसतात. घरी फोटोवर वेगळा लेअर घेऊन गिरवा. जे दिसतं ते सलग रेघेत, जे झिजलंय ते तुटक रेघेत. रंग भरायचेच तर वेगळ्या प्रतीत भरा, कारण दगडावर ते नाहीत. आणि दगडावर खडू फिरवू नका, ती संरक्षित वास्तू आहे.

तुटलेला भाग झेंड्यावरून भरला की चित्र देखणं होतं, पण वसईचं राहत नाही. खाऱ्या हवेत तो दगड रोज थोडा झिजतोय. उद्या तिथले किल्ले मोजता आले नाहीत, तर कुणीतरी तुमचं चित्र उघडेल. त्याला तुटक रेघ कुठे सुरू होते ते कळायला हवं.