होडीमागचे यंत्र

होडीच्या पाठीला अडकवावे आणि काम सरल्यावर काढून घरी न्यावे असे यंत्र ही कल्पना आपणांस वाटते त्यापेक्षा जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या सेन नदीत गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने विजेवर चालणारे असे यंत्र लावून होडी चालवून दाखविली. पुढे डेट्रॉइटच्या कॅमरन वॉटरमनने पेट्रोलवर चालणारे यंत्र विकावयास काढले. तथापि या यंत्राला जगभर नाव मिळवून दिले ते ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने. पाच वर्षांचा असताना तो आईवडिलांसोबत अमेरिकेत आला. एका उन्हाळ्यात सरोवराकाठी सहलीला गेला असता भावी पत्नी बेस हिच्यासाठी आइस्क्रीम आणावयास तो होडी वल्हवीत पलीकडच्या काठाला गेला आणि परत येईतो आइस्क्रीम वितळून गेले, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, १९०९ साली मिलवॉकी येथे त्याचे यंत्र बाजारात आले. एक सिलिंडर, दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. व्यवहार बेस पाहत असे. तिने लिहिलेल्या जाहिरातीत वल्ही फेकून देण्याचा सल्ला होता. तो सल्ला कोणत्याही शहाण्या कोळ्याने मानल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि ते बरेच झाले.

कारण हे यंत्र पहिल्यापासून मोठे नाजूक. डोके हवेत आणि पाय पाण्यात अशी त्याची अवस्था. ज्या पाण्यात ते फिरते त्याच पाण्याने त्याचे अंग थंड ठेवावे लागते. खाली एक लहानसे रबरी चक्र असते. ते पाणी वर ढकलते आणि त्यातील काही पाणी बाजूच्या छिद्रातून बारीक धारेने बाहेर पडते. ती धार म्हणजे यंत्राची नाडी. वाळू, शेवाळ, अलीकडच्या काळात प्लास्टिकची पिशवी, यांपैकी काहीही वाटेत अडकले की धार मंदावते आणि यंत्र तापू लागते. जुन्या दोन फेऱ्यांच्या यंत्रांत वंगणाचे तेल इंधनातच मिसळावे लागे. तेल कमी पडले तर दट्ट्या सिलिंडरला चिकटून बसे, अधिक पडले तर प्लग काळा होऊन ठिणगीच पडत नसे. या दोन टोकांमध्ये यंत्र सांभाळावयाचे, आणि तेही हलत्या होडीत, ओल्या हातांनी.

आमच्या उत्तन, वसई, अर्नाळ्याच्या मोठ्या बोटींना यंत्र पोटात असते व ते डिझेलवर चालते. म्हणून पाठीवरच्या यंत्राचा खरा इतिहास पाहावयाचा तर दक्षिणेकडे, केरळच्या किनाऱ्यावर जावे लागते. तेथील मच्छीमारांत लॅटिन विधीच्या कॅथलिकांची संख्या मोठी आहे. योगायोग असा की तेथेही यंत्र घेऊन प्रथम आले ते नॉर्वेचेच लोक. १९५३ साली कोल्लमजवळच्या नीण्डकरा व शक्तिकुळंगरा परिसरात भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. पारंपरिक होड्यांत आतल्या बाजूस यंत्र बसवून पाहण्यात आले. परंतु फेसाळत्या लाटांतून दररोज वाळूवर ओढावयाच्या होड्यांना ते मानवेना. मग नव्या, मोठ्या बोटी बांधल्या गेल्या. कोळंबीला परदेशी भाव आला, तळ खरवडणारी ट्रॉल जाळी आली, आणि पैसा एकीकडे व वल्हे मारणारा दुसरीकडे अशी किनाऱ्याची विभागणी झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रातच मारामाऱ्या होऊ लागल्या. पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद ठेवावे या मागणीसाठी धर्मगुरू व धर्मभगिनी उपोषणास बसल्या. त्यावरून ख्रिस्तसभेत मतभेदही झाले, कारण बोटमालकांतही श्रद्धावंत होतेच. अखेर १९८८ पासून केरळ सरकारने पावसाळी बंदी लागू केली.

याच वर्षांत लहान होडीने पाठीवरचे यंत्र स्वीकारले. ते सुखासीनतेसाठी नव्हे. मासे दूर गेले होते आणि ट्रॉलरशी वल्ह्याने स्पर्धा अशक्य झाली होती. जपानी यंत्रे आली, ती रॉकेलवर चालणारी. पेट्रोलवर सुरू करावयाची, तापली की रॉकेलवर घ्यावयाची आणि थांबविण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावयाची. रॉकेल स्वस्त, पण ते पुरते जळत नाही, काजळी धरते. यंत्र कर्जाने घेतलेले, सुटा भाग परदेशातून यावयाचा, आणि तोवर होडी वाळूवर उपाशी. तिरुवनंतपुरम येथे १९८० साली स्थापन झालेल्या दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांच्या महासंघाने हे दुखणे ओळखले. त्याने किनाऱ्यावर दुरुस्तीशाळा काढल्या, सुट्या भागांची सोय केली, यंत्राला साजेशा प्लायवूडच्या होड्याही बांधल्या. आमच्या मते यंत्र विकत घेण्यापेक्षा ही गोष्ट मोठी होती.

त्या यंत्रांना भोंगा नव्हता; कोळ्याचा कान हाच भोंगा. आवाज जड झाला, धार गरम झाली, की हात आपोआप वेग उतरवी. पाश्चात्त्य देशांत मात्र १९८० च्या दशकात यंत्र स्वतः बोलू लागले. १९८४ साली एव्हिनरूड यंत्रांच्या उत्पादकांनी तेल आपोआप मिसळणारा पंप आणला व धोक्याच्या सूचनेसाठी भोंगा जोडला. त्या पंपावर अनेकांचा विश्वास बसेना. कित्येक कारागीर तो सोडवून टाकीत आणि जुन्याप्रमाणे टाकीतच तेल मिसळीत. पुढील यंत्रांत आणखी एक सोय झाली. उष्णता वाढली किंवा तेल कमी झाले की यंत्र ओरडते आणि आपण होऊनच आपला वेग दोन-तीन हजार फेऱ्यांवर आणते. नवख्याला वाटते, यंत्राचा जोर गेला. वास्तविक ते स्वतःला वाचवीत असते. अशा वेळी भोंग्याची तार तोडणारेही आम्हांस ठाऊक आहेत. त्यांचे यंत्र फार दिवस ओरडत नाही.

जोर गेला, पण भोंगा गप्प असेल, तर विचार निराळा. प्रथम टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू पाहावा. तो बंद राहिला तर आत पोकळी होऊन इंधन येत नाही. इंधननळीवरचा रबरी फुगा दाबून पाहावा. दाबताच यंत्र सावरले तर दोष इंधनाच्या वाटेत किंवा पंपात. इंधनात पाणी शिरले असेल तर यंत्र अडखळत चालते. यंत्र मोठ्याने फिरते पण होडी पुढे जात नाही, असे असेल तर पंख्यातील रबर घसरले आहे किंवा त्याची खीळ तुटली आहे, हे समजावे. भोंगा वाजत असेल आणि धार बंद असेल, तर यंत्र थांबवावे, पाय वर उचलावा व पाणी घेण्याची छिद्रे मोकळी करावीत. कारण दूर झाल्यावरही काही यंत्रे वेग पूर्ण खाली आणल्यावाचून पूर्वपदावर येत नाहीत. आणि वल्ही होडीत असावीत, बेसबाई काहीही म्हणोत.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हा किनाऱ्यावरून सहाशेहून अधिक होड्या ट्रकांवर चढवून आत नेण्यात आल्या. चेंगन्नूर, आलुवा अशा गावांत, जेथे मोठी बोट शिरणे शक्य नव्हते, तेथे यंत्राचा पाय वर उचलून या होड्या कुंपणांवरून व गल्लीबोळांतून गेल्या. त्यांत बसलेल्यांना कान होते, हात होते आणि यंत्र कोठे अडेल याचे ज्ञान होते. होड्यांचे व यंत्रांचे नुकसान झाले. सरकारने दुरुस्तीचा खर्च व दर दिवशी तीन हजार रुपये देण्याचे जाहीर केले. त्यांपैकी अनेकांनी दुरुस्तीचे मान्य केले, पण माणसे वाचविण्याची मजुरी आपणांस नको, असे कळविले.