सूड संपल्यानंतरचा 'पनिशर'

न्यूयॉर्कमधील एका बांधकामावर दाढी वाढलेला एक मजूर इतर सारे घरी गेल्यानंतरही भिंत फोडत उभा असतो. हात सोलवटतात, तरी हातोडा थांबत नाही. बायको आणि दोन मुलांची हत्या करणाऱ्या प्रत्येकाला आपण यमसदनी धाडले, अशी त्याची समजूत आहे. कवटीचे चिन्ह असलेले जाकीटही त्याने जाळून टाकले आहे. इतर सूडकथा जिथे संपतात तिथून 'द पनिशर' ही मालिका सुरू होते. तिच्या विलक्षण आकर्षणाचे मूळ या उलट्या मांडणीतच शोधावे लागते.

१७ नोव्हेंबर २०१७ रोजी नेटफ्लिक्सवर दाखल झालेल्या या मालिकेचा नायक फ्रँक कॅसल मात्र बराच जुना. जेरी कॉन्वे, जॉन रोमिता आणि रॉस अँड्रू यांनी त्याला १९७४ मध्ये 'स्पायडरमॅन'च्या कॉमिकमध्ये प्रथम आणले, तेही नायक म्हणून नव्हे. अमेरिकी शहरांतील वाढती गुन्हेगारी, व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि न्यायव्यवस्थेवरचा उडालेला विश्वास यांतून ही व्यक्तिरेखा घडली. (आपल्याकडचा 'जंजीर' १९७३ चा, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा.) स्टीव्ह लाइटफूट यांनी मालिकेसाठी व्हिएतनामच्या जागी अफगाणिस्तान आणले. कंदाहारमधील एका गुप्त कारवाईत मृत सैनिकांच्या देहांतून अमली पदार्थांची तस्करी चालते आणि ते झाकण्यासाठी कॅसलचे कुटुंब बळी जाते. म्हणजे शत्रू गल्लीतला गुंड नाही. ज्या व्यवस्थेसाठी लढलो, तीच.

हिंसेच्या बाबतीत मालिका कसलीही भीडभाड ठेवत नाही. हाडे मोडतात, रक्त सांडते आणि ते पाहताना प्रेक्षकाला एक आदिम समाधान मिळते, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. न्यायालयांच्या तारखा नाहीत, पुरावे नाहीत, जामीन नाही. पण केवळ एवढ्यावर तेरा-तेरा भागांचे दोन हंगाम तरले नसते. जॉन बर्नथल यांचा कॅसल लक्षात राहतो तो गप्प बसलेल्या क्षणांत. त्याचा साथीदार डेव्हिड लीबरमन जगाच्या लेखी मेलेला आहे. तळघरातल्या पडद्यावर तो आपल्याच बायकामुलांना चोरून पाहतो. त्याच घरी ओळख काढून कॅसल जाऊ लागतो, किरकोळ दुरुस्त्या करून देतो, मुलांशी बोलतो. एकाला कुटुंब असून जाता येत नाही. दुसऱ्याला जाता येते, पण ते कुटुंब त्याचे नाही. अख्ख्या मालिकेतील बंदुकांपेक्षा हे प्रसंग अधिक जिव्हारी लागतात.

युद्धावरून परतलेल्या ल्युइस विल्सन या तरुणाचे उपकथानकही असेच. वडिलांच्या अंगणात खंदक खणून झोपणारा हा पोरगा पुढे बॉम्बस्फोटांकडे वळतो. कॅसलशी त्याचे असलेले साम्य मालिका मुद्दाम दाखवते आणि आतापर्यंत सूडाला टाळ्या देणारा प्रेक्षक चपापतो. दुसऱ्या हंगामात, २०१९ मध्ये, ही धार बोथट झाली; कथानक पसरट झाले आणि फेब्रुवारीत मालिकाच बंद करण्यात आली.

पडद्याबाहेरचे वास्तव याहून गुंतागुंतीचे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये संगीत महोत्सवावर अंदाधुंद गोळीबार झाला आणि न्यूयॉर्क कॉमिक कॉनमधील मालिकेचा कार्यक्रम रद्द करावा लागला. दरम्यान ती कवटी सैनिकांच्या वाहनांवर आणि पोलिसांच्या गाड्यांवरही झळकू लागली होती. कायद्याच्या रक्षकांनी कायदा झुगारणाऱ्याचे चिन्ह मिरवावे, याबद्दल खुद्द कॉन्वे यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. अनेकांनी कॅसलकडून कवटी तेवढी उचलली. जखम, एकटेपणा आणि अश्वत्थाम्यासारखी वणवण मागे ठेवली.

२०२५ मध्ये 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'मधून बर्नथल यांचा कॅसल परतला, तेव्हा त्याची गाठ नेमकी अशा पोलिसांशी पडते. ते स्वतःला त्याचे चाहते म्हणवतात, त्याचेच चिन्ह अंगावर मिरवतात. कॅसल त्यांची टर उडवतो आणि मग त्यांच्यावर तुटून पडतो.