जळगावचे कविसंमेलन आणि त्याचा वारसा

मराठी कवितेच्या इतिहासात 1907 या वर्षाला विशेष महत्त्व आहे. त्या वर्षी जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. हे स्थळ अनपेक्षित नव्हते. केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक नारायण नरसिंह फडणीस 1887 पासून याच गावातून चालवीत होते. केशवसुतांसारख्या नव्या वळणाच्या कवींच्या रचना त्यातून वाचकांपर्यंत पोहोचल्या होत्या. वीस वर्षे कागदावर भेटणारे कवी आणि रसिक आता समोरासमोर आले.

संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकारी, औषधी वनस्पतींचे गाढे अभ्यासक आणि स्वतः कवी असा त्यांचा लौकिक होता. या ज्येष्ठांच्या सभेत धरणगावी जन्मलेल्या, जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाने आपली कविता म्हटली. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे ‘औदुंबर’, ‘फुलराणी’, ‘निर्झरास’ यांसारख्या कवितांनी ती पदवी सार्थ केली आणि मूळ नाव मागे पडले.

परंतु टाळ्यांवर कवी जगत नाही. बालकवींचे शिक्षण रखडत गेले, उपजीविका अस्थिर राहिली. त्यांना आधार मिळाला तो रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या नगरच्या घरी. त्या घरातील त्यांच्या वास्तव्याच्या हृद्य आठवणी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त नोंदविल्या आहेत. 5 मे 1918 रोजी जळगावनजीक भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला. त्यांच्या वयाची अठ्ठावीस वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती.

संमेलनाने कवी ओळखला. कवीला घडविण्यासाठी मात्र नित्याचा सहवास लागतो. ही गरज 1923 साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने ओळखली. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे आदी मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, नव्या रचना वाचीत आणि एकमेकांच्या ओळींची परखड चिकित्सा करीत. आज ज्याला काव्यकार्यशाळा म्हणतात, तिचेच हे घरगुती रूप होते. यशवंत आणि गिरीश यांच्या काव्यगायनाने तीच कविता गावोगावच्या श्रोत्यांपर्यंत नेली.

या इतिहासाशी बृहन्महाराष्ट्राचेही जवळचे नाते आहे. माधव ज्युलियन यांचा जन्म बडोद्याचा. यशवंत पुढे बडोदे संस्थानचे राजकवी झाले. भा. रा. तांबे यांचा जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा आणि त्यांचे आयुष्य मुख्यतः मध्य भारतात गेले. भोवतालची व्यवहारभाषा वेगळी असतानाही या कवींची मराठी क्षीण झाली नाही, कारण ती ऐकणारी माणसे त्यांच्याभोवती होती.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात ही गोष्ट विशेष आठवावी अशी आहे. वर्गात उभे राहून कविता म्हणणारे मूल पुढे कवी होईलच असे नाही. पण ते म्हणत असताना आईवडील, गुरुजन आणि माजी विद्यार्थी यांनी समोर बसून ऐकले, त्याची चूक मायेने सुधारली, तर त्या मुलापुरती ती भाषा घराची राहते. जळगावच्या सभेत ज्येष्ठांनी प्रथम केले ते एवढेच होते: एका मुलाची कविता त्यांनी लक्ष देऊन ऐकली.